पायरीखालचा नळ

१

दुपारचं जेवण झालं की हे समुद्रावर जायचे आणि मी मशीनवर बसायचे. ओहोटीची ओली वाळू ह्यांना चालायला बरी वाटायची. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करत अंधाऱ्या खोबणींत लोंबकळण्यात गेला, आता जरा आडवं काहीतरी बघू दे, असं हे म्हणायचे. परत आले की समुद्राकडच्या पायऱ्यांखाली एक नळ होता तिथे पाय धुवायचे. आधी नळाची कुरकुर, मग पाणी, मग लाकडी पायऱ्यांवर ओली पावलं, आणि मग जाळीच्या दारातून हाक यायची, "आलो गं."

मी मान वर न करता म्हणायचे, "या."

मान वर न करण्याचं कारण आळस नव्हे. इथे यायच्या आधी त्या थंडगार देशात माझं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. दाराला घंटा होती. ती वाजली की तोंडात टाचण्या धरूनच मी "या" म्हणायचे. गिऱ्हाइकांना आपली भाषा काय कळणार, पण एवढं एक त्यांना कळायचं. वर्षानुवर्षं तेच केल्यावर डोक्याचा त्याच्याशी काही संबंधच राहत नाही. दाराशी कुणी आलं की जबडा आपोआप हलतो.

आणखी एक सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे. ह्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला आहे. अवजारांची पिशवी कायम त्याच खांद्यावर असायची. लग्नानंतर पहिला सदरा शिवला तेव्हाच ते माझ्या हाताला कळलं. तेव्हापासून ह्यांच्या प्रत्येक सदऱ्याला डाव्या खांद्याशी आतून एक पातळ गादी असते. बाहेरून कुणाच्या लक्षात येत नाही. आपण वाकडे आहोत हे आता ह्यांच्याही लक्षात राहिलेलं नाही.

२

घर आम्ही फोनवरच बघितलं होतं. एजंटबाई हातात फोन धरून खोल्याखोल्यांतून फिरली आणि आम्ही तिकडे स्वेटर घालून तिचा घाम बघत बसलो. पांढऱ्या भिंती, निळी दारं, मागच्या ओसरीवरून थेट समुद्र. थंडीत ह्यांची छाती भरून यायची, डॉक्टर दरवेळी उबदार हवेचं नाव काढायचे. लेक म्हणाली, "आई, घ्या की आता. किती दिवस दुसऱ्यांच्या पँटी आखूड करत बसणार?" म्हणून घेतलं.

ताबा घ्यायला आलो तेव्हा घर विकणारी बाई आत होती. आम्ही समुद्राकडच्या पायऱ्या चढून वर गेलो. ह्यांनी दारावर टकटक केलं आणि बाहेरूनच आवाज दिला. आतून उत्तर नाही. मग ती बाई स्वतः उठून आली, जाळीतून आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, पुन्हा एकदा न्याहाळलं, आणि एक अक्षर न बोलता दार उघडून बाजूला झाली. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पुढच्या दारानं निघून गेली, तीही भरभर. मला राग आला. तिथल्या भाषेत "या" म्हणायला काय जीभ झिजली असती का तिची?

"एवढं मनावर घेऊ नकोस," हे म्हणाले. "घर विकताना माणसाचा जीव तुटतो."

समोर, वाळू सुरू होते तिथे, एक बुटका कठडा होता. त्यावर एक म्हातारं जोडपं आमच्या घराकडे तोंड करून बसलं होतं. समुद्राकडे पाठ करून कोण बसतं, असं मला वाटून गेलं. "हवा खायला बसतात लोक," एजंटबाई म्हणाली. मी हात हलवला. त्या म्हातारीनंही हलवला. उन्हानं रापलेली होती, पण चेहऱ्यानं थेट घर विकणाऱ्या बाईसारखी. बहीण असेल म्हटलं.

३

पहिल्यांदा झालं तेव्हा मी पडद्याला पट्टी लावत होते. नळ वाजला, पावलं वाजली, "आलो गं" ऐकू आलं, मी "या" म्हटलं. पावलं माझ्या मागून आतल्या खोलीत गेली. पलंग करकरला. हे दुपारी जरा आडवे होतात, त्यात नवीन काही नव्हतं.

पडदा पुरा व्हायच्या आतच पुन्हा नळ वाजला. पुन्हा पावलं, पुन्हा "आलो गं."

"किती वेळा येणार आहात?" मी म्हटलं आणि या खेपेला मान वर केली. दारात हे उभे होते. पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, हातात चपला.

"किती वेळा म्हणजे? आत्ताच तर येतोय."

मी आत जाऊन पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीला गज, दुसरं दार नाही. पलंगावर ह्यांच्या बाजूला चादर चुरगळलेली होती, आणि पायथ्याशी हात फिरवला तर जराशी ओली लागली. समुद्राकाठी सगळंच ओलं लागतं. मीठ दमट होतं, काड्यापेटी पेटत नाही, मग चादर कशी कोरडी राहील? ती झटकून मी परत मशीनवर बसले. ह्यांना काही बोलले नाही, उगाच चेष्टा केली असती.

४

मी भुताखेतांची बाई नाही. शिवणकामात सगळं मापात असतं, न जुळणारा भाग निघाला तर चूक कापण्यात असते. म्हणून मी चूक शोधायला लागले.

जुनं लाकूड उन्हात तापतं आणि सावली आली की आवाज करतं. मान्य. वाऱ्यानं नळ कुरकुरत असेल. तेही मान्य. मशीनच्या घरघरीत कानाला काय वाटेल ते ऐकू येतं, दुकानातही कधी कधी घंटा वाजल्याचा भास व्हायचा. पण एका गोष्टीशी येऊन माझी कात्री अडायची. त्या अख्ख्या किनाऱ्यावर मराठी बोलणारी माणसं दोनच होती, आणि त्यातली एक मी. मग "आलो गं" कोण म्हणालं?

ते रोज होत नसे. मध्ये बरेच दिवस जायचे, आणि मला वाटायचं, चला, संपलं एकदाचं. मग एखाद्या अगदी शांत दुपारी, समुद्र तव्यासारखा सपाट पडलेला, पडदेसुद्धा हलत नाहीत, पुढ्यातलं कापड उन्हात पांढरं होत होत दिसेनासं व्हायला लागलेलं, अशा वेळी नळ वाजायचा. हाक यायची. आणि माझं "या" निघून गेल्यावर मला आठवायचं, की अजून ह्यांची यायची वेळ झालेली नाही.

एकदा मी जीभ दाताखाली धरून गप्प बसले. "आलो गं" दाराशी आलं आणि तिथेच थांबलं. पाऊल पुढे पडेना. जाळीवर मोठी सावली असेल अशी माझी खात्री होती, पण वळून बघायचं धाडस झालं नाही. मशीनच्या चाकावर हात ठेवून मी बसून राहिले. मग पावलं एकेक पायरी उतरत खाली गेली. अगदी आज्ञाधारक माणसाची, बोलावलं नाही म्हणून परत गेलेली.

तेव्हा मला कळलं, की आत घेणारी मीच होते.

५

आणि ह्यांचं बघून माझं काळीज हलायला लागलं. ते दुसरं येऊन गेलं की त्या दिवशी हे उशिरा यायचे. चेहरा ओढलेला, आवाज बसलेला.

"कुठे होतात इतका वेळ?"

"कुठे म्हणजे, इथेच. वाळूवर जरा टेकलो, तर उठवेना." हे कपाळ पुसायचे. "गंमत सांगू? आपलं घर दिसत असतं समोर, मी चालत असतो, पण ते जवळच येत नाही."

शेवटी मी ह्यांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, आणि हसलेही. मग जाळीच्या दाराकडे बघत राहिले.

"मला वाटायचं तू कुणाशी तरी बोलतेस," हे म्हणाले. "मी खालून येत असतो आणि वर तुझं 'या' ऐकू येतं. मी हाक मारायच्या आधीच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं परक्या देशात काढली, धड एक शेजारी नाही की नातेवाईक नाही, घरी आल्यावर "या" म्हणणारं एवढं एक माणूस, आणि ते हिनं दुसऱ्यालाच म्हणून टाकावं. हे तसं बोलले नाहीत. मीच मनात म्हटलं.

मग आम्ही ठरवलं. ह्यांनी हाक मारायची नाही. मी "या" म्हणायचं नाही. हे मुकाट वर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवतील. लहान मुलांच्या खेळासारखं वाटलं, पण चाललं. कितीतरी दुपारी छान गेल्या. खालून "आलो गं" आलं तरी मी ओठ मिटून बसायचे, आणि मग मागून ह्यांचा गार हात पाठीवर पडला की जिवात जीव यायचा. समुद्र चमकत राहायचा. कठड्यावरचं जोडपं बसलेलं असायचं. या घरात आपण आता रुजलो, असं मला वाटायला लागलं होतं.

६

ज्या दिवशी चुकले त्या दिवशी मी ह्यांच्याचसाठी शिवत होते. लेक सुट्टीत यायची होती, नातवाला घेऊन. ह्यांना नवा सदरा, पांढरा, पातळ सुताचा. बाही बसवताना चुण्या पडत होत्या, म्हणून तोंडात टाचण्या धरून मी पुन्हा पुन्हा उसवत होते. बाहीशिवाय जगात दुसरं काही नव्हतं.

"आलो गं."

"हं, या," मी म्हटलं.

शब्द बाहेर पडला आणि माझे हात थांबले. पावलं माझ्या मागून आत गेली. पलंग करकरला.

आता हे येतील, मी मनाला समजावलं. नेहमीसारखं ते आतलं नाहीसं होईल आणि हे येतील, उशिरा, दमून. मी थांबले. ऊन ओसरीवरून सरकून भिंतीवर चढलं. नळ वाजला नाही. आणि आतली खोली या वेळेला रिकामी झाली नाही. आतून खोकल्याचा आवाज आला, मग चप्पल शोधणारे पाय, आणि हे बाहेर आले, डोळे चोळत, उघडेच, पंचा गळ्यात.

"चहा टाकतेस का?" म्हणाले.

मी तोंडातल्या टाचण्यांआडून बघत राहिले. नाक तेच. कानावरचा तीळ तोच. हनुवटीवर दाढी करताना सुटलेले केसही तेच. मग मला स्वतःचाच राग आला. ठरलेलं विसरून ह्यांनीच हाक मारली असेल. मी विसरले तसे हेही विसरले. दोन म्हातारी माणसं, दोन्ही विसराळू, आणि मी घरच्या माणसाकडे चोरासारखी बघतेय. मी चहा टाकला. आम्ही बसून प्यायलो. लेकीला कुठली खोली द्यायची यावर बोललो. हे इतके ताजेतवाने दिसत होते की मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खरंच बरं वाटलं.

७

सूर्य बुडायला आला तेव्हा बाहीच्या गुंड्या सोडून सदरा पुरा झाला.

"घाला बघू," मी टाचण्या धरलेल्या तोंडानं म्हटलं.

ह्यांनी घातला, बटणं लावली, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, दरवेळी राहतात तसे. मी दोन्ही हात खांद्यांवर ठेवले. डावा खांदा वर आला होता. फार नाही. आतल्या गादीइतकाच.

मी गादी चाचपली. ती जाग्यावर होती. तिच्याखालचा खांदा सरळ होता.

"नीट बसतोय ना?" हे म्हणाले, मागे न वळता.

तेवढ्यात खाली नळ वाजला. एकदम सुटला नाही, कुणीतरी दोन्ही हातांनी जोर लावून उघडावा तसा थांबत थांबत. पाणी पडलं. मग पायरीवर एक पाऊल, बऱ्याच वेळानं दुसरं. "आलो गं," इतका बारीक आवाज की तो फक्त मलाच ऐकू यावा.

सदऱ्यातला माणूस हलला नाही. "तू बस," तो मायेनं म्हणाला. "गुंड्या लावायच्या राहिल्यात ना बाहीच्या?"

मी तिथूनच "या" म्हणायला हवं होतं. मशीनवर बसून, मान वर न करता. एवढंच करायचं होतं, आणि त्यात माझा हातखंडा होता. पण तो आवाज ऐकून माझ्यानं बसवेना. ह्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या. मी टाचण्या मुठीत थुंकल्या, जाळीचं दार ढकललं आणि त्यांना आणायला खाली धावले.

संध्याकाळच्या उजेडात खालच्या पायरीवर एक माणूस जिन्याच्या दांडीला धरून उभा होता. तोंड दिसत नव्हतं. मी हात घातला तो थेट डाव्या खांद्यावर. उतरलेला होता. माझ्या बोटांना ठाऊक असलेला तोच उतार. मी "अहो" म्हटलं आणि रडायलाच लागले.

"चला वर," मी म्हटलं आणि वळले.

जाळीचं दार आपल्या संथ चालीनं लागत होतं. आत दिवा लागला. आतून ह्यांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

आणि मग तोंडात टाचण्या धरल्यावर येतो तो जाड आवाज, माझा स्वतःचा. "कोणी नाही. वारा असेल."

जाळीतून मला फक्त पाठ दिसली. मशीनवर वाकलेली, मानेवर अंबाडा, खुर्चीच्या पाठीवर माझी शाल. मग मशीन सुरू झालं.

८

तुम्ही म्हणाल, आत का नाही गेलीस. घर आमचं, कागद आमच्या नावाचे. एजंटबाईकडे गेले तर ती हसली, किल्ली विसरलात का म्हणून जादा किल्ली काढून दिली. किल्ली लागते. दार उघडतं. पण पाऊल उंबऱ्यावर उचलत नाही. जोर लावून बघितला, ह्यांनी मला मागून ढकलूनही बघितलं. आतून कुणी "या" म्हटल्याशिवाय पाय तिथे पडतच नाही.

बाजारातल्या दुकानातून लेकीला फोन केला. "आई, आत्ताच तर ठेवलास ना फोन?" ती म्हणाली. "अगं हो, बाबांचा आवाज काय खणखणीत झालाय. ती हवा मानवली त्यांना." सांभाळून या, एवढंच म्हटलं.

आम्ही बेकरीच्या वर एक खोली घेतली आहे. दुपारी कठड्यावर येऊन बसतो. पहिल्या दिवशी ते म्हातारं जोडपं न विचारता सरकलं आणि जागा करून दिली. म्हातारी माझ्याकडे बघून थोडी हसली. चौघंही घराकडे बघत बसलो. समुद्र पाठीमागे वाजत असतो, तो बघायची आता इच्छा होत नाही.

ह्यांची छाती पुन्हा भरून यायला लागली आहे. लेक परवा येईल. दाराशी येऊन "आई, आलो आम्ही" म्हणेल, आणि तेव्हा आतून तिला "या" कोण म्हणणार, एवढ्याच एका गोष्टीनं माझा जीव टांगणीला लागला आहे. तिला आणि नातवाला आतल्या त्या बाईच्या हाती मी देणार नाही.

ती सावध आहे. ह्यांनी हाक मारली की बरेचदा जीभ दाताखाली धरून बसते, कधी कधी चाकावर हात ठेवून थांबते, वळून मात्र बघत नाही. पण मी तिला ओळखते. बाही बसत नसली की तिचं डोकं जागेवर नसतं. आज तिनं नातवाचा सदरा मांडला आहे, बाहीच्या चुण्या उसवणं चाललंय, मशीन थांबतं आणि पुन्हा चालू होतं.

आतली ती दोघं मग कुठे जातील, असं ह्यांनी काल विचारलं. मी म्हटलं, कठड्यावर जागा आहे.

आता ऊन अगदी पांढरं झालं आहे. मी ह्यांना हात धरून वाळूतून पायऱ्यांपाशी आणलं आहे. ह्यांनी नळ सोडला, पाय धुतले. मी ह्यांना एकेक पायरी चढवली. ह्यांनी डावा खांदा दाराच्या चौकटीला टेकवला, श्वास घेतला आणि हाक मारली, "आलो गं."

आत मशीन थांबलं. मी तोंडातल्या तोंडात म्हणते आहे, म्हण, बाई, म्हण.